आपोआप किल्ली बसणारें घड्याळ



जुन्या मौल्यवान घड्याळांच्या दुकानांत एक जात हटकून मांडलेली दिसते. कवच पोलादी, कांचेभोंवतीं सोन्याचें कडें, पट्ट्यांतील मधले दुवेही सोन्याचे; आणि किल्ली देण्याचें काम नाहीं. एकाच्या मनगटावरून दुसऱ्याच्या मनगटावर जाणारें हें घड्याळ घेतांना गिऱ्हाईक बहुधा सोन्याकडे पाहतें. परंतु त्याच्या पोटांत जें फिरतें वजन असतें, त्याचा इतिहास सोन्याहून अधिक मोलाचा आहे, आणि त्यांत एका कारागिराच्या हुकलेल्या श्रेयाची कथाही आहे.

चालण्याच्या हिसक्यांनीं घड्याळाची कमान आपोआप गुंडाळली जावी, ही कल्पना तशी जुनी. स्वित्झर्लंडांतील ल लोक्ल येथील पेरले या घड्याळजीनें १७७० नंतरच्या दशकांत अशीं घड्याळें केलीं. पाव तास चाललें म्हणजे तें आठ दिवस पुरतें, असें जिनीव्हा येथील कलामंडळानें १७७७ सालीं नमूद केलें. पूर्ण फिरणाऱ्या वजनाचा मान कांहीं संशोधक बेल्जममधील ल्येझ येथील ह्युबेर सार्तों याला देतात. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. पॅरिसच्या ब्रेगे यानेंही असलीं घड्याळें बनविलीं. तरी तीं रूढ झालीं नाहींत, आणि कारण उघड आहे. खिशांतलें घड्याळ हलणार तें किती? धनी चालला तरी तें आपलें स्वस्थच.

घड्याळ मनगटावर आणलें तें पहिल्या महायुद्धानें. खंदकांतील शिपायाला खिसा चाचपण्यास सवड कोठली? इंग्लंडांतील बोल्टन गांवचा जॉन हारवुड हा घड्याळें दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या ध्यानांत आलें कीं, धूळ व ओल आंत शिरते ती बहुतेक किल्लीच्या बटणाजवळील फटींतून. दुसऱ्या कोणीं ती फट बुजविली असती. यानें बटणच काढून टाकलें! मग कमान गुंडाळावयाची कशी? मनगटाच्या हालचालीनें. आंतलें वजन दोन स्प्रिंगांच्या मध्यें इकडून तिकडे आदळे व कमान भरे. कांटे जुळविण्यासाठीं कांचेभोंवतींचें कडें फिरवावें लागे. १९२३ सालीं त्यानें स्विस पेटंटासाठीं अर्ज केला व १९२४ सालीं तें मिळालें. पूर्ण भरलेलें हें घड्याळ सुमारें बारा तास चाले.

कल्पना खरी, पण काळ वांकडा. १९२८ सालीं निघालेली हारवुडची कंपनी जागतिक मंदींत, १९३१ सालीं बुडाली. नेमक्या त्याच वर्षीं रोलेक्स कंपनीनें पूर्ण वर्तुळांत फिरणारें वजन बसविलेलें घड्याळ बाजारांत आणलें. तिनें बटण काढलें नाहीं. १९२६ पासूनच ती तें मळसूत्रानें घट्ट बसवीत होती, त्यामुळें धुळीचा प्रश्न निराळ्या वाटेनें सुटला होता. यंत्र सरस होतें यांत शंका नाहीं. पण पुढें लोकांच्या तोंडीं जनक म्हणून रोलेक्सचेंच नांव बसलें. १९५६ सालीं खुद्द त्या कंपनीनें जाहिरात देऊन हारवुडचें श्रेय मान्य केलें. उशीर झाला खरा. पण व्यापारांत इतकें तरी कितीजण करतात?

सोनें-पोलादाच्या जोडीला रोलेक्सनें १९३३ सालीं ‘रोलेसॉर’ असें नांव नोंदविलें. अठरा कॅरटच्या सोन्यांत हजारांत साडेसातशें भाग सोनें असतें, आणि तें मऊ असल्यानें चरे पडतात. धक्के सोसावयास पोलाद बरें. हौस आणि हिशेब यांची ही तडजोड आहे.

डिसेंबर १९६९ मध्यें जपानच्या सीको कंपनीनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ विकावयास काढलें. त्याची चूक महिन्याला सुमारें पांच सेकंद. आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळाची तेवढी कधीं कधीं एका दिवसांत होते. स्वित्झर्लंडांत १९७० च्या सुमारास या धंद्यावर सुमारें नव्वद हजार लोक पोट भरीत. पुढील पंधरा वर्षांत त्यांतले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरले. यंत्राचें घड्याळ तगलें तें दुरुस्त होतें म्हणून, आणि म्हणूनच तें दुसऱ्यांदां विकलेंही जातें.

तेव्हां असें घड्याळ घेणाऱ्यानें सोन्याचें वजन विचारण्याआधीं पाठ उघडून दाखविण्यास सांगावें. आंतलें तेल वर्षांनुवर्षें वाळतें, दांते झिजतात. वारंवार घासून चकचकीत केलेल्या कवचाच्या कडा बोथट होतात. आणि तें कपाटांत ठेवून ‘बंद पडलें’ म्हणून तक्रार करूं नये. हातांतून काढल्यावर दीड-दोन दिवसांनीं तें थांबणारच.