लिपीचे स्थलांतर : बोडे आलेखाच्या इतिहासातील एक प्रकरण

नियंत्रण अभियांत्रिकीत 'बोडे आलेख' या नावाने ओळखली जाणारी रेखाटनपद्धती सामान्यतः एक गणिती सोय म्हणून नोंदवली जाते. टेलिफोनच्या तारांसाठी घडलेली ही पद्धती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफांच्या नियंत्रणयंत्रणेत शिरली आणि पुढे विद्युत्, यंत्र व रसायन या भिन्न शाखांची समाईक भाषा बनली. या प्रवासाकडे भाषांतराचा इतिहास म्हणून पाहिले, तर प्रतिभरणाच्या, म्हणजे फीडबॅकच्या, सिद्धान्ताचे श्रेय कोणाचे या जुन्या प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

रूढ कथा हॅरल्ड ब्लॅक यांच्यापासून सुरू होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, बेल प्रयोगशाळेतील या तरुण अभियंत्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर ऋण प्रतिभरणाच्या विवर्धकाची आकृती काढली. दूर पल्ल्याच्या टेलिफोन मार्गावर ठरावीक अंतरांवर विवर्धक बसवावे लागत आणि प्रत्येकातील थोडीशी विकृती पुढे साचत जाई. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून आरंभाकडे परत नेला, तर विवर्धन घटते. पण विकृतीही घटते, हे ब्लॅक यांनी ओळखले. तंत्रज्ञानाचे इतिहासकार डेव्हिड मिंडेल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या कथेची उद्गमाचे मिथक म्हणून चिकित्सा केली. आख्यानाच्या अभ्यासकाला यातील साचा परिचित वाटेल : एकाकी नायक, जलप्रवास आणि अकस्मात झालेले दर्शन. अशा साच्यात जे बसत नाही ते कथेबाहेर राहते. येथे बाहेर राहिली ती स्थैर्याची अडचण.

परत नेलेला संकेत मंडलातून फिरताना मागे पडतो. एखाद्या कंप्रतेला हे मागे पडणे १८० अंशांचे झाले आणि तेथे मंडलाचे विवर्धन अद्याप १ च्या खाली आलेले नसले, तर विरोधासाठी योजलेला संकेत सामान्यतः साथ देऊ लागतो आणि विवर्धक आपोआप शिट्टी घालू लागतो. स्वीडनमध्ये जन्मलेले हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली स्थैर्याचा निकष सिद्ध केला. त्यांचा वक्र विवर्धन आणि कला यांना एकाच प्रतलावर गुंफतो. मराठी विज्ञानलेखनात 'फेज'साठी रूढ झालेला 'कला' हा शब्द चंद्रकलांशी नाते सांगतो. आवर्तनातील स्थान हा अर्थ त्यात आधीपासूनच आहे. नायक्विस्ट यांचा वक्र स्थैर्याचा निवाडा अचूक देतो. परंतु मंडलातील कोणता घटक बदलावा, हे त्यातून सहज वाचता येत नाही.

हे वाचन शक्य केले ते हेन्ड्रिक बोडे यांनी. १९०५ साली मॅडिसन येथे जन्मलेले बोडे १९२६ मध्ये बेल प्रयोगशाळेत आले. त्यांनी एका वक्राचे दोन आलेख केले : आडव्या अक्षावर कंप्रतेचा लॉगरिथम, उभ्या अक्षावर एकात डेसिबेलमध्ये मोजलेले विवर्धन आणि दुसऱ्यात कला. डेसिबेल हे टेलिफोन व्यवसायाचेच माप. एकामागून एक जोडलेल्या घटकांची विवर्धने गुणावी लागतात. लॉगरिथममुळे त्या गुणाकाराची बेरीज होते आणि वक्रांच्या जागी सरळ रेषा पुरतात.

समजा, मंडलाचे मूळ विवर्धन १०० आहे, म्हणजेच ४० डेसिबेल. आणि त्यातील दोन घटक प्रतिसेकंद १ व १० रेडियन या कंप्रतांना मागे पडू लागतात. आलेख १ पर्यंत आडवा काढावा. तेथून कंप्रता दसपट होताना तो २० डेसिबेल उतरतो. १० च्या पुढे हा उतार ४० होतो. रेषा शून्य डेसिबेलला सुमारे ३२ वर छेदते. तेथे कला सुमारे १६० अंश मागे असते, म्हणून धोक्याच्या १८० पर्यंत केवळ २० अंशांचे अंतर उरते. यंत्रणा स्थिर आहे, पण धक्का बसल्यास बराच काळ हेलकावत राहील. सरळ रेषांतील चूक प्रत्येक वळणाशी सुमारे ३ डेसिबेलची असते; ती ठाऊक असल्याने दुरुस्तही करता येते.

१९४० च्या निबंधात बोडे यांनी याहून मूलगामी गोष्ट मांडली. यंत्रणांच्या एका मोठ्या वर्गात विवर्धन आणि कला स्वतंत्र नसतात. विवर्धनाचा उतार ठरला की कलाही ठरते. कंप्रता दुप्पट होताना विवर्धन सातत्याने १२ डेसिबेल उतरत असेल, तर कला १८० अंश मागे पडते. ३० अंशांची सुरक्षितता हवी असेल तर उतार १० डेसिबेलवर रोखावा लागतो. विवर्धन वेगाने उतरवायचे आणि सुरक्षितताही राखायची, हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही. ब्लॅक यांच्या कथेत प्रतिभरण हे वरदान होते. बोडे यांच्या आलेखात त्याची किंमत दिसू लागली.

याच काळात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हॅरल्ड हेझन यांच्या १९३४ च्या लेखनापासून सर्व्होयंत्रणांची निराळी परंपरा रुजत होती. तिची भाषा काळाची होती : अचानक आज्ञा दिल्यावर यंत्र किती वेळात आणि किती हेलकावे घेऊन स्थिरावते, हा तिचा प्रश्न. या दोन परंपरांना महायुद्धाने एकत्र आणले. विमानवेधी तोफांना नेम पुरवणारे एम-९ हे विद्युत् यंत्र बेल प्रयोगशाळेत घडले; बोडे स्वतः नेमाच्या पूर्वानुमानाच्या गणितावर काम करू लागले. १९४४ मध्ये इंग्लंडवर येणाऱ्या व्ही-१ बॉम्बांविरुद्ध रडारच्या जोडीने एम-९ वापरले गेले. १९४५ साली बोडे यांचा ग्रंथ आला. १९४७ मध्ये जेम्स, निकोल्स आणि फिलिप्स यांनी संपादित केलेल्या सर्व्होयंत्रणांवरील ग्रंथात टेलिफोनवाल्यांची कंप्रतेची भाषा तोफांच्या प्रश्नांसाठी वापरलेली दिसते. सोव्हिएत संघात मिखाइलोव यांनी १९३८ सालीच कंप्रतेवर आधारित निकष मांडला होता. म्हणजे ही विचारदिशा एकट्या बेल प्रयोगशाळेची नव्हती.

भाषांतरात काही हरवतेच. बोडे आलेखात काळाचा अक्ष नाही. हेलकावे कलेच्या अंतरावरून ताडावे लागतात. १९४८ मध्ये वॉल्टर एव्हन्स यांनी सुचवलेल्या मूलपथ पद्धतीने ते हेलकावे पुन्हा थेट वाचता येऊ लागले. निव्वळ विलंब विवर्धनाच्या आलेखावर खूणही उमटवत नाही. तो केवळ कलेत दिसतो, आणि एकच आलेख वाचणारा तेथे फसतो. आज संगणक अचूक आलेख क्षणात काढतो. तरीही हाताचे रेखाटन शिकवले जाते, कारण कोणते वळण कोणत्या घटकाचे हे त्यातच उमगते.

स्वतः बोडे यांनी १९६० च्या व्याख्यानात प्रतिभरणाचा इतिहास एका कल्पनेचा इतिहास म्हणून सांगितला. परंतु वाफेच्या इंजिनाचे नियंत्रक ती कल्पना अठराव्या शतकापासून वापरत होते आणि मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये त्यांचे गणितही मांडले होते. कल्पना अनेक ठिकाणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर नवीन होती ती परस्परांना अपरिचित व्यवसायांना वाचता येणारी लिपी. म्हणून फेरीबोटीतील आकृतीइतकेच महत्त्व या इतिहासात १९४० ते १९४७ या काळातील भाषांतरकारांना द्यावे लागते.