एका रकान्याची गोष्ट

कोपर बाकाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाला हा अनुभव असतो. कोपराच्या त्या जागी एक मज्जातंतू कातडीला लागूनच जातो. कुष्ठरोगाचे जंतू ज्या मज्जातंतूंत ठाण मांडतात, त्यांपैकी हा एक प्रमुख. तो निकामी झाला की करंगळीकडची बाजू बधिर होते, बोटे आखडतात. कुष्ठरोगाला आपण कातडीचा रोग समजतो, पण तो तितकाच मज्जातंतूंचा रोग आहे. ही गोष्ट सरकारी नोंदीत उतरायला मात्र फार काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात कोकणात हा रोग बराच आढळे. रत्नागिरीला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरुग्णालय उभे राहिले. ग्रे यांच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर तेव्हा मुंबई इलाख्यात नोकरीला होते. १८६७ सालच्या सरकारी तक्त्यांवरून त्यांनी इलाख्यातील कुष्ठरोगाचा अहवाल लिहिला. तो १८७२ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला.

पण मोजणी करायची तर आधी नाव नक्की हवे. लोक महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. आणि अंगावरच्या पांढऱ्या कोडालाही श्वेतकुष्ठ म्हणत. कोडात कातडीचा रंग तेवढा जातो. स्पर्श शाबूत असतो, संसर्गाचा प्रश्नच नसतो. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणनांत महारोग्यांची नोंद होत असे. ती करणारे वैद्य नव्हते. तलाठी, शाळामास्तर अशी आपल्यासारखीच माणसे होती. त्यामुळे ज्याला नुसते पांढरे कोड आहे त्याला महारोगी लिहू नये, अशी सूचना १९०१ साली द्यावी लागली. चुकून लिहिलेल्या एका शब्दाने गावात माणसाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी चूक कायद्याची होती. १८९८ च्या कायद्याने ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत, त्यालाच महारोगी ठरवले. पण व्रण हा बहुधा शेवटचा टप्पा. आधी मज्जातंतू बधिर होतो, मग चटका लागला तरी कळत नाही, मग जखम चिघळते. कायद्याची नजर पडेपर्यंत हात गेलेला असे.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हातापायांच्या विकृतीची श्रेणी ठरवली. संवेदना शाबूत असेल आणि विकृती नसेल तर शून्य. संवेदना गेली पण दिसायला काही नाही तर एक. डोळ्यांना दिसणारी विकृती असेल तर दोन. यातला 'एक' महत्त्वाचा, कारण तोच जुन्या नोंदीत कधी आला नव्हता. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही कुष्ठरोगाचा संकेतांक ए ३० हा संसर्गजन्य रोगांत आहे. पण मज्जातंतूंना इजा झाली असेल तर त्याच्या जोडीला जी ६३.० लिहितात. एक कारण सांगतो, दुसरा परिणाम. रोग बरा होऊन व्यंग मागे उरले असेल तर त्याला बी ९२ हा निराळा अंक आहे. म्हणजे बरा झालेला माणूस कागदावर जन्मभर रोगी राहत नाही. हा न्याय आपल्या कायद्यांत उशिरा आला: कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ साली वगळले गेले.

जनगणनेचे काम आजही शिक्षकांकडे येते. महारोग्यांचा तो रकाना आता नाही, पण पहिली खूण दिसण्याची जागा अजूनही वर्ग असू शकते. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट डाग दिसला आणि डोळे मिटून घेतल्यावर तिथे कापसाचा स्पर्श त्याला कळला नाही, तर त्याला कोणतेही नाव देऊ नये. चारचौघांत न बोलता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. तिथे औषध मोफत मिळते. नाव ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. आपले काम आहे वेळेवर पाहण्याचे.