बंद पडलेली, पण 'बंद' नसलेली गिरणी

आमच्या आयटीत नोकरी जाते ती एका मेलवर. लॉगिन बंद, कार्ड आणि लॅपटॉप जमा, विषय संपला. पण निदान तारीख तरी कळते! मुंबईच्या गिरणी कामगाराची नोकरी नक्की कोणत्या दिवशी गेली, हे कित्येकदा त्याला स्वतःलाही सांगता येत नसे. आणि भत्ता मागायला गेलं की पहिला प्रश्न तोच.

डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आपण सगळे ऐकून असतो. त्यानंतरच्या कागदपत्रांची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

गंमत बघा, कामगार कपातीची भरपाई कायद्यात आली तीच मुळी कापड गिरण्यांमुळे. १९५३ मध्ये गिरण्यांत माल पडून राहिला, कामगारांना घरी बसवायची पाळी आली. सरकारने आधी वटहुकूम काढला, मग औद्योगिक विवाद कायदा दुरुस्त केला. कामावरून कमी केलं तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. (त्या कायद्यातला 'ले-ऑफ' म्हणजे तात्पुरतं घरी बसवणं, तेही अर्ध्या पगारावर. आपण हा शब्द सर्रास चुकीचा वापरतो. असो.)

१९८५ च्या कापड धोरणानंतर, १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राने गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. कागदावर छान होती: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. अटी होत्या. पाच वर्षं सलग नोकरी हवी, पगार ठरावीक मर्यादेत हवा, आणि दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात चिकटलात की मदत बंद. रोज गेटवर उभं राहून मिळेल ती पाळी करणाऱ्या बदली कामगाराने 'सलग' कुठून आणायचं?

पण खरी मेख वेगळीच. गिरणी 'कायमची बंद' असायला हवी होती, म्हणजे बंद करायला सरकारची रीतसर परवानगी तरी हवी, नाहीतर कोर्टाने लिक्विडेटर नेमलेला हवा. आता मालक परवानगी कशाला मागेल? परवानगी मिळाली की भरपाई देणं आलं. त्यापेक्षा वीज तोडली जाऊ दे, कच्चा माल संपू दे, गेटला कुलूप. गिरणी आजारी म्हणून केस वर्षानुवर्षं पडून. भोंगा वाजत नाही, पण कामगार मस्टरवर आहे, म्हणजे तो बेकार नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस हँग झाली आहे, आणि सिस्टीम स्टेटस दाखवते 'रनिंग'. मला हे मालकांच्या नफेखोरीपेक्षाही जास्त चीड आणणारं वाटतं.

१९८३ मध्ये सरकारने ज्या १३ गिरण्यांचा ताबा घेतला, त्यांच्या कामगारांना तर ही योजना लागूच नव्हती. ती खाजगी गिरण्यांपुरती.

मग घर चाललं कसं? कोणी गावी गेलं, कोकणात, साताऱ्याला. गिरणगावातल्या खाणावळींचं काय झालं असेल याचा विचार करा. त्या चालवायच्या बायका, महिन्याच्या बोलीवर. खाणेकऱ्याचा पगार थांबला की बाईची वाण्याकडची उधारी थकते. म्हणजे एका कुलपामागे दोन-तीन चुली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

पुढे २००५ मध्ये कर्मचारी राज्य विम्याखाली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. गिरणी कामगारांची जुनी योजना २०१७ मध्ये तिच्यात विलीन झाली. २०१८ मध्ये अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली: ९० दिवसांपर्यंत पगाराच्या २५ टक्के. विम्याला पगाराची मर्यादा असल्यामुळे आपल्यातले बहुतेक जण यात बसत नाहीत; आपल्या मजल्यावरचा सिक्युरिटीवाला मात्र बसू शकतो, त्याला सांगून ठेवा. २०२० मध्ये कोविडच्या काळात रक्कम ५० टक्के केली गेली. आणि दावा जुन्या मालकामार्फत पाठवायची अटही तेव्हाच काढली. कामगाराने तो थेट शाखेत नेऊन द्यायचा.