अठ्ठावन्न म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी सुईने ते काढून तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर रिपोर्ट आला : एडीए ५८. "चाळीसच्या वर आहे, बाकीची लक्षणंही जुळतात. टीबीची औषधं सुरू करू," डॉक्टर म्हणाले. घरी येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "५८ म्हणजे काय रे? टक्के?"

मला सांगता येईना. दिवसभर सर्व्हरचे आकडे बघणारा मी, बाबांचा एक आकडा मला वाचता येत नव्हता. शोधत गेलो तो १९४७ सालापर्यंत पोचलो.

एडीए म्हणजे अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे एन्झाइम. अ‍ॅडेनोसिन नावाच्या न्यूक्लिओसाइडमधून ते अमोनिया काढून टाकतं आणि इनोसिन उरतं. अडचण अशी, की दोन्ही द्रावणं पाण्यासारखी रंगहीन. बदल झाला हे कळणार कसं? जुनी रीत म्हणजे थोड्या थोड्या वेळाने नमुना काढायचा, क्रिया थांबवायची आणि सुटलेला अमोनिया मोजायचा.

हर्मन काल्कार हा डॅनिश जीवरसायनशास्त्रज्ञ १९३९मध्ये अमेरिकेत गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि तो तिकडेच राहिला. १९४१मध्ये बाजारात आलेल्या बेकमन डीयू या यंत्रामुळे अतिनील प्रकाश किती शोषला जातो हे मोजणं सोपं झालं होतं. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून त्यात क्वार्ट्झची कुपी वापरायची. न्यूयॉर्कमध्ये काल्कारने हे यंत्र एन्झाइमांच्या कामाला जुंपलं.

आपल्या डोळ्यांना सारखी दिसणारी ही दोन द्रावणं अतिनील प्रकाशात वेगळी असतात. अ‍ॅडेनोसिन २६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं, इनोसिन २४९च्या आसपास. २६५वर नजर ठेवून कुपीत एन्झाइम टाकलं, की आकडा उतरू लागतो. काही काढायचं नाही, थांबवायचं नाही. एन्झाइम ठरावीक रेणूलाच हात लावतं, त्यामुळे नमुन्यात इतर दहा गोष्टी असल्या तरी जो फरक पडला तो त्या रेणूचाच. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्यांमधला 'डिफ' बघतो, तसंच हे. पुढे आणखी दोन एन्झाइमं घातली तर इनोसिनचं हायपोझँथिन आणि त्याचं युरिक अ‍ॅसिड होतं; तेव्हा २९३वरचा आकडा चढतो. १९४७मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त त्याचे या पद्धतीवरचे तीन निबंध आले.

काल्कारच्या डोक्यात टीबी नव्हता. १९७८मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की टीबीमुळे छातीत झालेल्या पाण्यात एडीए जास्त सापडतं. तिथे जमणाऱ्या लिम्फोसाइट पेशींमध्ये हे एन्झाइम भरपूर असतं.

आज बऱ्याच लॅब रंग मोजतात, अतिनील प्रकाश नाही. पण एका प्रचलित किटचं माहितीपत्रक वाचलं आणि हसू आलं : इनोसिन, हायपोझँथिन, युरिक अ‍ॅसिड, तीच साखळी, फक्त शेवटी रंग तयार करायची एक पायरी जोडलेली.

बाबांच्या गोळ्यांचा हा चौथा महिना. ताप गेलाय, जेवण वाढलंय. परवा चहा पिताना त्यांना सांगितलं, "टक्के नाहीत बाबा, तो वेग आहे. तुमच्या छातीतल्या एक लिटर पाण्यातलं एन्झाइम दर मिनिटाला ५८ मायक्रोमोल अ‍ॅडेनोसिन बदलू शकत होतं."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आत एवढं काम चाललं होतं, आणि मला नुसता खोकला वाटत होता."