मावळातील घर आणि जेवणाची जागा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

घराच्या रचनेत समाजरचनेचे प्रतिबिंब पडलेले असते. मावळ तालुक्यात जेवणाची स्वतंत्र खोली कशी आली, याचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

मावळातील जुन्या शेतकरी घरात ओटी, माजघर, चूल व गोठा यांना ठरलेली जागा असे; जेवणासाठी मात्र वेगळे दालन नसे. सारवलेल्या जमिनीवर पाने मांडली की जेवणाची जागा सिद्ध होई आणि उष्टी काढून शेण लावले की ती नाहीशी होई. पुरुष व मुले आधी आणि स्त्रिया मागाहून चुलीपाशी, हा क्रम सहसा बदलत नसे. उच्चवर्णीयांच्या वाड्यांत त्याला सोवळ्याओवळ्याची जोड होती. भिंती नसल्या तरी ही जागा नियमांनी आखलेली होती. हे नियम किती कठोर होते, हे पुण्यातील १८९० च्या पंचहौद मिशन चहा प्रकरणावरून दिसते. मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य ओढवले होते.

तत्पूर्वीच मावळात बदलाची वाट खुली झाली होती. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला व १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. त्यानंतर मुंबईतील युरोपीय, पारशी व इतर धनिकांनी लोणावळा-खंडाळ्यात बंगले बांधले. टेबल-खुर्च्यांनी सजलेली जेवणाची खोली हे अशा बंगल्यांचे एक प्रमुख अंग होते. स्वयंपाकघर बहुधा मागील बाजूस, मुख्य घरापासून अलग असे. टेबलाभोवती स्त्री-पुरुष व पाहुणे एकत्र बसू शकत; परंतु रांधणारे व वाढणारे नोकर त्या पंगतीबाहेरच राहत. एक भेद सैल झाला, तर दुसरा घराच्या आराखड्यातच पक्का झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात लोणावळा, तळेगाव येथील सदनिकांत ओटा व गॅस आले आणि स्वयंपाक जमिनीवरून उभ्याने होऊ लागला. जेवणाचे टेबलही दिवाणखान्याच्या वा स्वयंपाकघराच्या कडेला आले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर सुट्टीतील घरांची संख्या वाढली. त्यांची देखभाल व स्वयंपाक बऱ्याचदा आसपासच्या गावांतील माणसेच करतात.

सारांश, पाटाची जागा टेबलाने घेतली, एवढ्याने हा इतिहास पूर्ण होत नाही. रांधणाऱ्या स्त्रीला आणि राबणाऱ्या माणसाला त्याच वेळी, त्याच पंगतीत स्थान मिळाले का, हाच या परिवर्तनाचा खरा निकष होय.