स्वतःचा चॅट सर्व्हर: इन्स्टॉल दहा मिनिटांत, मग अडतं कुठे?

घरातले फोटो, हिशेब, गप्पा दुसऱ्याच्या सर्व्हरवर कशाला? आपलाच चॅट सर्व्हर टाकू, असं मलाही वाटलं. शिरोळच्या घरी जुन्या लॅपटॉपवर सिनॅप्स बसवलं. इन्स्टॉल दहा मिनिटांत झालं, पण आईच्या फोनवर मेसेज नीट पोचायला तीन रविवार गेले.

सिनॅप्स हा मॅट्रिक्सचा सर्व्हर. मॅट्रिक्स हा २०१४ मध्ये सुरू झालेला खुला प्रोटोकॉल आहे. ईमेलप्रमाणे यातही वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. फोनवर एलिमेंटसारखं ॲप लागतं. आता अडचणी क्रमाने बघू.

१. नाव एकदाच ठरतं
सुरुवातीला दिलेलं सर्व्हरचं नाव प्रत्येक युजरच्या आयडीत जातं. ते नंतर बदलता येत नाही. बदलायचंच असेल तर सगळं पहिल्यापासून. म्हणून 'टेस्ट' वगैरे नाव टाकू नका, आधी डोमेन घ्या.

२. बाहेरून सर्व्हर सापडत नाही
पोर्ट फॉरवर्ड करूनही काही उघडत नसेल, तर राउटरमधला वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि रस्त्यावर एकच दार, मग बाहेरच्याला तुमची खोली कळणार कशी? राउटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या, नाहीतर भाड्याचा व्हीपीएस.

३. सर्टिफिकेट आणि पोर्ट
लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण नेहमीचं ९० दिवसांचंच असतं. ते आपोआप रिन्यू होतंय ना, हे तपासा. आपल्या सर्व्हरवर गप्पा होतात पण बाहेरच्या सर्व्हरशी होत नाहीत, असं असेल तर ८४४८ पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी. फक्त घरच्यांसाठी वापरणार असाल तर फेडरेशन बंदच ठेवा, डोकेदुखी निम्मी होते.

४. फोन वाजत नाही
ॲप उघडलं की पाच मेसेज एकदम येतात, तोवर फोन शांत. ॲप बंद असताना नोटिफिकेशन साधारणपणे अँड्रॉइडवर गूगलमार्फत आणि आयफोनवर ॲपलमार्फतच येतं. सर्व्हर तुमचा असला तरी हा रस्ता त्यांचा. अँड्रॉइडवर युनिफाइडपुश हा पर्याय आहे. व्हॉइस कॉलची रिंग वाजते पण आवाज येत नाही, यावर टर्न सर्व्हर लागतो. त्यासाठी कोटर्न वापरतात. नव्या एलिमेंट एक्सला कॉलसाठी लाइव्हकिट वेगळं बसवावं लागतं.

५. डेटा
सिनॅप्स सुरुवातीला एसक्यूलाइट वापरतं. ते करून बघण्यापुरतं ठीक, रोजच्या वापराला पहिल्यापासून पोस्टग्रेस घ्या. बॅकअपमध्ये डेटाबेस, मीडिया फोल्डर आणि सायनिंग की, तिन्ही हवेत. शिवाय प्रत्येकाला आपली रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायला सांगा. जुना फोन गेला आणि कीसुद्धा नाही, तर एन्क्रिप्टेड मेसेज ॲडमिनलाही उघडता येत नाहीत.

६. वीज आणि पाणी
हा मुद्दा कुठल्याही गाईडमध्ये सापडला नाही. आमच्या तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर इथे कुणी विसरलेलं नाही. पाणी चढलं की वीज जाते, माणसं घर सोडतात. कोण कुठे पोचलं हे कळण्यासाठी ग्रुप तेव्हाच सगळ्यात जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच फळीवरचा सर्व्हर बंद. म्हणून मी सर्व्हर व्हीपीएसवर हलवला आणि बॅकअप पुण्यात ठेवला. तरीही पुरासाठी जुना व्हॉट्सॲप ग्रुप चालू आहे आणि महत्त्वाचे नंबर वहीत आहेत.

सुरू करण्याआधी
डोमेन कुठलं? पब्लिक आयपी आहे का? बॅकअप घराबाहेर कुठे? आणि तुम्ही आजारी पडलात तर सर्व्हर कोण बघणार? या चारांची उत्तरं आधी लिहून काढा. शेवटच्याचं उत्तर नसेल तर घरच्यांना अजून त्यावर आणू नका. तोवर एकट्याने प्रयोग करा, शिकायला मिळतंच.