उपनगरातील आखाडा

विद्या घराण्यात राखली म्हणजे टिकते, की घराबाहेर दिली म्हणजे, हा वाद आपल्याकडे गायकीत, वैद्यकीत आणि पौरोहित्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच वादाचा एक प्रकार आम्हांस दूरच्या ब्राझील देशात, आणि तोही एका मल्लविद्येच्या इतिहासात आढळला. 'ब्राझिलियन जिउ-जित्सू' या नावाने आज जगभर शिकविल्या जाणाऱ्या विद्येची ही हकीकत आहे. गोव्यातील ज्या वाचकांच्या घरी पोर्तुगीज भाषा वावरलेली आहे, त्यांना 'आर्ते सुआवे', म्हणजे मृदू कला, हे तिचे दुसरे नाव सहज उमजेल. मूळ जपानी शब्दाचाच तो अनुवाद होय.

या विद्येचे मूळ शोधू गेल्यास आपण एका मंदिरात जाऊन पोहोचतो. १८८२ साली जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने तोकियोतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा मिळवून आपली शाळा काढली. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ. शिष्य जमिनीवर आदळू लागले की मंदिराची भिंत न् भिंत हादरे, पितरांच्या नावाच्या पाट्या खाली पडत, आणि तेथील पुजाऱ्यांस त्याचा मोठा उपद्रव होई, असे सांगतात. तथापि जुन्या सरदारी घराण्यांतून गुप्त राखलेले डाव एकत्र करून, त्यांतील प्राणघातक भाग वगळून, ते शिकण्यास येईल त्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे काम याच जागेत सुरू झाले.

कानोंच्या शाळेत तयार झालेला मित्सुयो माएदा १९०४ साली जपानबाहेर पडला. देशोदेशी कुस्त्या करीत तो १९१४ साली ब्राझीलमध्ये उतरला, आणि पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलें या शहरी स्थायिक होऊन १९४१ मध्ये तेथेच वारला. त्याच्या शिष्यांपैकी दोघांची नावे येथे लक्षात ठेवावयाची आहेत : कार्लोस ग्रेसी आणि लुइस फ्रान्सा.

कार्लोसने १९२५ साली रिओ द जानेरो येथे आखाडा काढला व आपल्या भावांस त्यात ओढले. धाकटा हेलिओ प्रकृतीने किरकोळ. म्हणून अंगबळापेक्षा तरफेच्या तत्त्वावर त्याने भर दिला, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. आपल्या तालमीत वाढलेल्या वाचकास येथे एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती सरली, पठ्ठ्या चीत झाला. या विद्येत मात्र पाठ टेकलेला मनुष्य हरलेला नसतो. उताणा पडून, दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्यास वेढून, तो तेथूनच त्याचा हात पिरगाळतो वा गळा आवळतो. सहन होईनासे झाले की हाताने थाप मारावयाची. त्यासरशी समोरचा पकड सोडतो. त्या थापेत अप्रतिष्ठा मानीत नाहीत, आणि शिकाऊ मनुष्य एका सायंकाळी दहा वेळा थाप मारतो. अशक्तास, वयस्कास, भित्र्यास आत येण्याजोगी याहून रुंद वाट मल्लविद्येत क्वचितच सापडेल.

परंतु वाट रुंद असली तरी दार अरुंद असू शकते. ग्रेसी बंधूंचा आखाडा शहराच्या मध्यभागी होता, तेथील खाजगी शिकवणीचे शुल्क मोठे होते, आणि शिष्यवर्गात वकील, राजकारणी, धनिक यांचा भरणा होता. रिओच्या रेल्वेमार्गालगत पसरलेल्या श्रमिकांच्या उपनगरांना ते दार बंद नसले तरी परवडणारे नव्हते.

लुइस फ्रान्साचा शिष्य ओस्वाल्दो फाद्दा हा या उपनगरांतला. जन्म १९२१, नौदलाच्या सैनिकी सेवेत असताना, १९३७ साली, त्याने ही विद्या शिकण्यास प्रारंभ केला. पुढे तो उद्यानांत, चौकांत, समुद्रकिनारी मिळेल त्या जागी शिकवू लागला, आणि ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांच्याकडून त्याने तो मागितला नाही. १९५० साली बेंतो रिबेइरो या उपनगरात त्याने स्वतःचा आखाडा उघडला. शरीराने वा मनाने अपंग असलेल्या माणसांनाही या व्यायामाने गुण येतो, अशी त्याची श्रद्धा होती, व तशांना तो आवर्जून आत घेई.

या उपनगरी आखाड्यास मोठ्या घराण्याच्या लेखी काही किंमत नव्हती. तेव्हा १९५० च्या दशकात फाद्दाने वृत्तपत्रातून ग्रेसींना जाहीर आव्हान दिले. हेलिओने ते स्वीकारले. सामने ग्रेसींच्याच आखाड्यात झाले आणि फाद्दाचे शिष्य सरस ठरले. त्यांचा हुकमी डाव पायाचा होता : घोटा काखेत धरून पिळावयाचा. ग्रेसी पद्धतीत त्याकडे फारसे लक्ष दिलेले नव्हते. पराभवानंतर तो शिकून घेणे शहाणपणाचे ठरले असते. परंतु त्यास 'उपनगरी डाव' म्हणून नाके मुरडण्यात आली आणि तो करणाऱ्यांस 'सापातेइरो', म्हणजे मोची, अशी हेटाळणी ऐकावी लागली. कष्टकऱ्याच्या धंद्याचे नाव शिवीसारखे वापरण्याची ही खोड कोणा एका देशाची नव्हे, हे आम्ही वाचकांस वेगळे सांगावयास नको.

येथे आम्हांस बडोद्याचे स्मरण होते. जुम्मादादा या मुसलमान वस्तादाने आपला आखाडा माणिकराव या ब्राह्मण शिष्याच्या हाती दिला, आणि त्या शिष्याने गुरूचेच नाव लावून 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' नावारूपास आणले. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही. तरी परंपरा अखंड.

ग्रेसी घराण्यावर अन्याय करण्याचा आमचा हेतू नाही. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी हेलिओचा पुत्र रॉइस याने आपल्याहून धिप्पाड मल्लांस नमविले, त्यानंतरच जगाचे लक्ष या विद्येकडे वळले. घराण्याचा अभिमान नसता तर हे घडले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. फाद्दा मात्र २००५ मध्ये निवर्तला तेव्हाही ब्राझीलबाहेर त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते.

त्याच्या परंपरेतील वेंदेल आलेशांद्रे आणि ग्रेसी परंपरेतील आंद्रे पेदेर्नेइरास यांनी १९९५ साली रिओमध्ये एकत्र येऊन 'नोव्हा उनियांव', म्हणजे नवे ऐक्य, हा आखाडा स्थापिला. ॲमेझॉनकाठच्या मानाउस शहराहून जोझे आल्दो नावाचा एक निर्धन मुलगा तेथे येऊन दाखल झाला. राहण्यास जागा नसल्यामुळे तो रात्री आखाड्यातच निजत असे. २०१० साली तो आपल्या वजनगटात जगज्जेता झाला.